शेजाऱ्याचा भविष्यकाळ

सुध्या, तुझ्या तेरवीला जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आपल्यात काही झालं की पहिला फोन तुला, ही माझी सवय. आता फोन उचलायला तू नाहीस, म्हणून लिहून राहिलो.

सगळे म्हणतात, सर देवमाणूस होते. मेल्यावर आपल्याकडं प्रत्येक जण देवमाणूस होतो. तू नव्हतास. तू गोड बोलणारा, समोरच्याचं सगळं ऐकून घेणारा आणि शेवटी आपलंच खरं करणारा हट्टी माणूस होतास. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे आणि मी ते पूर्ण करायला बसलो आहे. मधेच रडणं आलं तर ते माझं मी पाहून घेईन.

भांडण काय, तर इंग्रजीचा भविष्यकाळ पोरांना कसा शिकवावा. ऐकणाऱ्याला हसू येईल. दोन मोठी माणसं यावर वर्षानुवर्षं भांडतात? हो, भांडलो. त्यापायी तू अमरावतीत राहिलास आणि मी अकोल्याच्या जठारपेठेत वेगळा क्लास काढला. पाटीवर नाव मात्र दोघांनी एकच ठेवलं. ते बदलायची हिंमत तुझीही झाली नाही, माझीही नाही.

तुला आठवते ती अमरावतीची खोली? तू चांदूर रेल्वेकडचा, माळ्याच्या घरचा. सुट्टीवरून आलास की तुझ्या पिशवीला शेवंतीचा वास आणि तळाशी वांगी. मी अकोल्याच्या बाजूचा, कापूस आणि तूर यांपलीकडं घरात कशाचं बोलणं नाही. तुझ्या घरातून तू पहिला कॉलेजात गेलास, माझ्या घरातून मी. मी पदवीच्या कागदाला काच लावून तो भिंतीवर टांगला. तू तुझा ट्रंकेत घड्या करून ठेवला आणि मला म्हणाला, "अबे, भिंतीले काय माहीत तू बी. ए. आहे?" मी म्हणालो, "भिंतीले नसंन, येणाऱ्या-जाणाऱ्याले माहीत झालं पाहिजे." अजूनही मी नावापुढं बी. ए. लिहितो. लाजायचं काय त्यात? माझ्या बापानं अंगठा लावला आहे आयुष्यभर.

पदवीच्या आधीच आपण दोघांनी भविष्यकाळाचा तक्ता कपडे धुता धुता पाठ केला होता. शॅल कुठं, विल कुठं, सगळं तोंडपाठ. आणि मग कॉलेजात ते पाहुणे साहेब आले. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मलाच उभं केलं आणि इंग्रजीत विचारलं, पदवीनंतर तू काय करणार आहेस? मी छाती काढून त्यांना 'गोइंग टू' कधी वापरतात याचा नियम सांगितला. नियम एकदम बरोबर होता. साहेब थांबले आणि म्हणाले, "बट यू?" माझी दातखीळ बसली. खोलीवर परत येईपर्यंत तू सायकलवर हसत होतास. एकदा तर तोल जाऊन पडलास आणि पडल्या पडल्या हसलास. "बट यू, दिन्या, बट यू!"

तू हसला ते ठीक. पण माझ्यापुरतं त्या दिवशी ठरलं. नियम येणं वेगळं आणि आपल्या तोंडानं 'आय' म्हणणं वेगळं. माझ्यासारख्या घरातून आलेल्या पोराला कोणी कधी विचारलंच नव्हतं, तुला काय करायचं आहे? बाप सांगेल, काका सांगेल, पाऊस सांगेल. म्हणून माझं म्हणणं, पोराला पहिल्या दिवसापासून स्वतःचं वाक्य बोलायला लावा. चुकू द्या, अडखळू द्या, पण 'आय' म्हणू द्या.

तुझं डोकं वेगळ्या दिशेनं चालायचं, आणि ते चालायचं हे मी मान्य करतो. अमरावतीत दोघांनी मिळून क्लास सुरू केला तेव्हा मी फळ्यावर तक्ता काढायचो आणि पोरं माना खाली घालून उतरवायची. तू एक दिवस खडू घेतला आणि विचारलं, "उद्या तुमी अकोल्याले जाणार आहे, तिकीट काढून ठेवलं. मायले काय सांगता?"

एक पोट्टी म्हणाली, "उद्या अकोल्याले जाऊन राहिली."

"काऊन? आत्ता तं इथं बसली हायेस."

"सर, पण जाणं पक्कं हाये ना!"

तू टाळी वाजवली. "बस. हेच इंग्रजीत म्हण. आय ॲम गोइंग टु अकोला टुमॉरो." पुण्याकडची माणसं आपल्या 'जाऊन राहिलो'ला हसतात. पण पक्कं ठरलेलं जाणं चालू काळात सांगायचं, हे जे इतरांना समजावून सांगावं लागते ते आपल्या पोट्ट्यांच्या तोंडात आधीच होतं. पाहुणा दारात आला आणि 'थांबा, चहा ठेवतो' म्हटलं की विल. औषध आणून ठेवलं, उद्या फवारणी करणार, की गोइंग टू. मी इतकी पुस्तकं वाचली पण हे मला सुचलं नाही. त्या दिवशी माझ्या बोलीची लाज माझ्या मनातून गेली ती परत आली नाही. हे तुझं देणं आहे आणि ते मी कोणासमोरही सांगेन.

पण मग त्याच आठवड्यात तो दुसरा प्रकार झाला, ज्याच्यापायी आपलं फाटलं.

मी पोरांना म्हणालो, आता स्वतःचं सांगा. पुढच्या वर्षी काय करणार? कोणी बोलेना. वाक्य येत होतं, पण तोंड उघडत नव्हतं. मागच्या बाकावर भाजीपाला करणारे एक रामभाऊ बसायचे, आपल्यापेक्षा वयानं मोठे, मंडीतल्या व्यापाऱ्यांशी बोलता यावं म्हणून येणारे. ते उठले.

"सर, राग नका मानू. आपलं काम आपल्या तोंडानं आधीच सांगितलं का नाट लागते. होत नाई मंग."

साऱ्या क्लासनं मान हलवली. मला संताप आला. "रामभाऊ, नाट मराठीले लागत असंन. इंग्रजीले लागत नाई!"

"कायले नाई लागणार? देवाले इंग्रजी येत नाई का?"

सगळे हसले, तूही हसलास. हसायला काय झालं? मलाही ते माहीत होतंच. घरातून निघणाऱ्याला 'कुठं चालला' विचारलं की माझी आई आजही चिडते. टोकू नको म्हणते. आपल्याकडं मोठं काम कोणी सांगून करत नाही. पोरगी पाहायला जायचं तर गावात सांगतात, बाजाराला चाललो. मग अशा लोकांना भविष्यकाळ शिकवायचा कसा? मी म्हणालो, ही भीती मोडायची. आणि तू म्हणालास, "बरं रामभाऊ, तुमचं सांगू नका. बाजूच्याचं सांगा."

झालं! बांध फुटल्यासारखे बोलायला लागले सगळे. "ही विल बाय अ ट्रॅक्टर." "शी इज गोइंग टु बी अ नर्स." "ही विल बिल्ड अ हाउस, टू फ्लोअर!" प्रत्येक जण बाजूच्याला आधीच्यापेक्षा मोठं काहीतरी देत होता. रामभाऊंच्या बाजूला बसलेल्या पोरानं सांगितलं, रामभाऊ विमानात बसतील. रामभाऊ मान खाली घालून लाजत होते, नव्या नवरीसारखे. माणूस आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? आवडलं.

पण तू तिथं थांबला नाहीस. तुझ्या क्लासची ती रीतच झाली. जोड्या पाडायच्या आणि जोडीदाराचा भविष्यकाळ बोलायचा. पोरांना इंग्रजी आलं, माझ्यापेक्षा लवकर आलं. फक्त 'आय' आला नाही.

आणि मग शीतल नागपूरला मुलाखतीला गेली. सगळ्या बॅचमध्ये हुशार पोरगी. तिथं साहेबांनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल? शीतलनं न अडखळता सांगितलं, "सर, निकिता विल बी अ मॅनेजर." साहेब म्हणाले, निकिता कोण? "माय पार्टनर, सर." आणि तुमचं काय? शीतल म्हणाली, "सर, निकिता नोज."

हे तिनं आपल्याला सांगितलं तेव्हा तू खुर्चीवरून खाली यायचा बाकी होतास. मी हसलो नाही. तिला ती नोकरी मिळाली नाही, सुध्या.

"अबे, पण साहेब लोक हसले ना? लक्षात राहीन त्यांच्या," तू म्हणाला.

"लक्षात राहून काय करतील? फोटो लावतील का तिचा?"

"तू लय कडू बोलतो."

"आन् तू गोड बोलून पोरांचं वाटोळं करतो. यांचं पुढचं आयुष्य दुसऱ्यानं बोलायचं, हे तं गावात चालूच हाये! त्याच्यासाठी क्लास कायले पाहिजे?"

 तू हळूच म्हणालास, "दिन्या, आपल्यासाठी कोणी चांगलं बोललं तवाच माणसाले आपलं बोलायची हिंमत येते. आधी कोणी तरी म्हणावं लागते."

"मले कोणं म्हणलं होतं?"

"मी म्हणलो होतो," तू म्हणालास. "सायकलवरून पडलो त्या दिवशी. तू एक दिवस क्लास काढशीन म्हणलो होतो. तुले आठवत नाई, कारण तू रागात होता."

मला खरंच आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. तू ते तेव्हा बनवून सांगितलंस की काय, हे मला विचारायचं होतं. राहून गेलं. पुढच्या वर्षी मी अकोल्याला आलो.

आता दवाखान्याचं. मी ते टाळून राहिलो होतो.

डॉक्टरनं हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि तू कोणाला काही सांगत नव्हतास. मी फोनवर विचारायचो, कधी करणार? तू म्हणायचा, "पाहू." मी म्हणायचो, पाहू म्हणजे काय, तारीख सांग. "पाहू ना बे." शेवटी मी अकोल्याहून गाडी पकडून आलो. तू पलंगावर, हाताला सुई. वर्षा वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तू दाराकडं एकदा पाहिलं आणि मला म्हणालास, "दिन्या, माह्यं सांग ना."

"काय सांगू?"

"भविष्यकाळ."

"तुह्यं तू सांग. आय म्हण."

"नाट लागते."

तू हसत होतास, पण तुझे ओठ कोरडे पडले होते. तुझी बोटं चादरीचा काठ चिमटीत धरत होती, सोडत होती. इतकी वर्षं मी ज्या रीतीला नावं ठेवली ती मी त्या दुपारी केली. मी म्हणालो, "यू विल गो होम सून. यू विल कम टु अकोला आफ्टर दिवाळी."

"विल नको," तू म्हणाला. "विल म्हणजे आत्ता तुह्या मनात आलं. पक्कं पाहिजे."

"बरं. यू आर गोइंग टु ईट रोडगे इन माय वावर."

"वांग्याची भाजी?"

"तुह्या घरचे वांगे घेऊन ये. नुसता हात हालवत येऊ नको."

तू डोळे मिटले. चेहरा तसाच झाला, रामभाऊंचा झाला होता तसा. वहिनी आल्या तेव्हा तू झोपला होतास. तारीख ठरेपर्यंत तुला घरी सोडलं आणि ऑपरेशनच्या आधीच तू गेलास. घरी, सकाळी, चहा पिता पिता.

आता मला सांग. मी बी. ए. झालेला माणूस आहे. कशानं काय होतं ते मला समजते. तुझ्या हृदयाच्या नळ्या बंद होत्या म्हणून तू गेलास. पण तुला नेताना, खांद्यावर बांबू असताना माझ्या डोक्यात एकच होतं, मी बोललो म्हणून तर नाही? पक्कं म्हणून बोललो म्हणून? मला माझाच राग आला आणि मग तुझा आला. इतकी वर्षं जे मी रामभाऊंच्या तोंडावर उडवून लावलं ते तू जाता जाता माझ्या डोक्यात घालून गेलास. रात्री झोपताना मी स्वतःला समजावतो आणि सकाळी उठून पुन्हा समजावतो. हे बरं नाही केलं तू.

तर तेरवी. मंडप तुमच्या घरासमोरच होता. पंगत बसली होती. वहिनी दाराच्या आत, जमिनीवर, तुमच्या सईला जवळ घेऊन बसल्या होत्या. सई नववीत आहे, पण त्या दिवशी पार लहान दिसत होती. वहिनींचे मोठे भाऊ, मनोहरदादा, अंजनगाव सुर्जीहून आले होते. चांगला माणूस. तेराही दिवस तुमच्याकडंच राहिला, गॅस सिलिंडरपासून गुरुजींपर्यंत सगळं त्यानंच पाहिलं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

वाढता वाढता मनोहरदादा तुझ्या चुलत्यांना म्हणाला, "वर्षाची काळजी तुमी नका करू. ते आता अंजनगावले येईन. वरची खोली रिकामीच हाये."

चुलते म्हणाले, "बरं होईन. एकटी बाईमाणूस इथं काय करीन?"

"पोरगी आमच्या शाळेत जाईन. माह्या पोरीसंगं."

"क्लासची जागा?"

"सोडून देऊ. बाकं कोणी बी घेईन."

एक मावशी पलीकडून म्हणाली, "सईचंबी पाहता येईन मंग दोन-चार सालात. तुमच्याकडं चांगले पोरं हायेत."

"वर्षा घरात शिवणकाम करीन. हात चांगला हाये तिचा."

सुध्या, माझा घास हातात राहिला. बाजूनं एकेक जण बोलत होता, प्रत्येक जण आधीच्याच्या बोलण्यात भर घालत होता, आणि सगळे मायेनं बोलत होते. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. हा तुझाच क्लास होता. जोडीदाराचा भविष्यकाळ. फक्त ज्या दोघींचा तो होता त्या उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रामभाऊंची लाज नव्हती. काहीच नव्हतं. चुन्यानं पोतलेल्या भिंतीसारखे कोरे.

मी तुला हेच सांगत होतो. दुसऱ्यानं आपलं भविष्य बोललं की त्यातून ट्रॅक्टर निघू शकतो तसंच वरच्या मजल्यावरची रिकामी खोलीही निघू शकते. मी बरोबर होतो. आणि बरोबर असल्याचं मला काडीचं सुख झालं नाही.

मला राहवलं नाही. मी पंगतीत बसल्या बसल्या मोठ्यानं बोललो, "वहिनी कुठंबी जाणार नाईत. क्लास वहिनी चालवतीन. सईबी इथंच शिकीन."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मनोहरदादाच्या हातात बुंदीचं भांडं होतं. "तुमाले कोणं सांगितलं?"

"कोणं कायले सांगायले पाहिजे? वहिनीनं क्लासमंधी शिकलं, नंतर लहान पोरांची बॅच घेतली. मी सोमवारपासून येतो शिकवायले. महिनाभरात वहिनी उभ्या राहतीन."

"दिनेशभाऊ, तुमी मित्र हाये त्यायचे, मान्य. पण बहीण माह्यी हाये."

"म्हणूनच म्हणतो, तिले खोलीत नका कोंडू."

"कोंडतो? मी कोंडतो?"

तेव्हा आतून आवाज आला. मोठा नाही. रडून रडून बसलेला.

"दादा, भाऊजी. दोघंबी थांबा."

वहिनी उठल्या नाहीत. बसूनच बोलल्या. "मी अजून काई ठरवलं नाई. ठरवीन तवा मीच सांगीन. तवरोक माह्यं कोणी बोलू नका."

मनोहरदादा म्हणाला, "अवं पण वर्षा, लोकं विचारतात तं..."

"लोकायले सांग, ते ठरवून राहिली." आणि मग, "तिकडच्या पानावर बुंदी नाई दादा. वाढ."

दादा वाढायला गेला. पंगत पुन्हा जेवायला लागली.  वाटीवर चमचा आपटला तरी ऐकू येत होता.

मी जे बोललो ते चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही. वहिनींनी क्लास चालवावा. त्यांना येते, मी पाहिलं आहे. अंजनगावला त्यांचं इंग्रजी भाकरीच्या पिठासारखं डब्यात राहील. पण तुला सांगतो, 'भाऊजी' म्हणून त्यांनी माझं नाव दादाच्या बरोबरीनं घेतलं तेव्हा मला चपराक बसली. मी स्वतःला त्यांच्या बाजूचा समजत होतो. त्यांच्या जागेवरून पाहिलं तर आम्ही दोघंही एकाच पंगतीत बसलेलो होतो.

आणि मला माझं इतक्या वर्षांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं, स्वतःचं स्वतः बोला, हेच की नाही? तर मग मी खूश का झालो नाही? कारण मला वाटायचं, पोरं 'आय' म्हणतील तेव्हा पुढं काही तरी मोठं म्हणतील. आय विल बी. आय ॲम गोइंग टु. मी ठरवलं नाही, हेही कोणी स्वतःच्या तोंडानं, सगळ्या गोतासमोर, मान वर करून म्हणू शकतं, हे माझ्या तक्त्यात नव्हतं. तुझ्या जोड्यांतही नव्हतं. त्यांना हे कोणी शिकवलं? तू? घरात, चहा पिता पिता, माझ्या माघारी? की कोणीच नाही?

ते तू सांगू शकत नाहीस आणि त्यांना विचारायची माझी छाती होत नाही.

मी सोमवारपासून येऊन राहिलो. जठारपेठेतला सकाळचा वर्ग आटोपला की गाडी, दुपारी तुझी बॅच, संध्याकाळी परत. वहिनी येऊन कुलूप उघडतात, पंखा लावतात आणि शेवटच्या बाकावर बसतात. शिकवत नाहीत. काही लिहूनही घेत नाहीत. मनोहरदादाचा फोन आला तर बाहेर जाऊन बोलतात आणि परत येऊन बसतात. सईच्या शाळेचं काय केलं ते मला माहीत नाही. घरमालक जागेचं विचारून गेला, त्याला काय उत्तर दिलं तेही माहीत नाही.

पोरांना तुझ्या रीतीची सवय. मी म्हणालो, जोड्या पाडा. पडल्या.  एक जण म्हणाला, "सर, क्लास राहीन का दिवाळीनंतर?" सगळ्यांनी मागं वळून शेवटच्या बाकाकडं पाहिलं. मीही पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या.

माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं, सुध्या. पक्कं वाक्य. ते बोललो असतो तर पोरं हसली असती, कामाला लागली असती, कदाचित वहिनींनाही बळ आलं असतं. तू असतास तर बोलला असतास. मी गिळलं. म्हणालो, "मले माहीत नाई. माहीत होईन तवा तुमाले सांगतील." कोण सांगतील ते म्हणालो नाही. आणि फळा पुसून भूतकाळ घेतला.

काल बॅच संपल्यावर वहिनींनी कुलूप लावलं आणि किल्ली हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सांगतात. मी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"भाऊजी, गाडीची वेळ झाली तुमची," त्या म्हणाल्या.

"हो. येतो मी."

चौकापर्यंत गेलो आणि मागं पाहिलं. त्या तिथंच होत्या, दाराकडं तोंड करून. परत जाऊन विचारावं असं वाटलं. स्टेशनात वाटलं, गाडीत बसल्यावरही वाटलं. तुझी शपथ, विचारलं नाही. आज दुपारी पुन्हा जायचं आहे, आणि आजही विचारणार नाही.